लिंबू-मीठ राहू द्या, बाटलीची मागची बाजू वाचा

प्रश्न: नमस्कार ताई. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे मेक्सिकोत, ग्वादालाहाराला चालले आहे. बाबांना कळल्यापासून त्यांचं एकच चाललंय, "येताना टकीलाची चांगली बाटली आण, आपण दोघं बसून घेऊ." बाबा ६६ वर्षांचे आहेत. शनिवारी रात्री दोन पेग व्हिस्की, तीही पाणी घालून, एवढाच त्यांचा शौक. माझा टकीलाचा अनुभव म्हणजे ऑफिसच्या पार्टीत मीठ चाटून, एका दमात ढोसून, वर लिंबू चोखलेले दोन शॉट. घसा जळला आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं. त्यामुळे 'चांगली टकीला' हे काय प्रकरण आहे तेच मला कळत नाही. एक सहकारी म्हणतो, रंग जेवढा गडद तेवढी भारी. दुसरी म्हणते, अळी असलेली घे, तीच अस्सल. तिसरा म्हणतो, टकीला सोड, मेस्काल आण. नवऱ्याचं म्हणणं, तसलीच आता गोव्यात बनते, एवढ्या लांबून ओझं कशाला? काय घेऊ, किती पैसे घालू, प्यायची कशी आणि आणायची कशी?
– एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर: ग्वादालाहारा ही हालिस्को राज्याची राजधानी. टकीला नावाचं गाव तिथून साधारण ६५ किलोमीटरवर आहे आणि ज्या निळसर अगावेपासून, म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातल्या झाडापासून, ही दारू बनते त्याची सगळ्यात मोठी शेती याच राज्यात होते. बाबांनी मागितलेली वस्तू तुम्ही थेट तिच्या मुलखातून आणणार आहात. तेव्हा ओझं आणण्यासारखं आहे, असं नवऱ्याला खुशाल सांगा. आणि एक नाही, दोन बाटल्या आणा. का ते पुढे सांगते.

आधी त्या पार्टीबद्दल. तिथे तुम्हाला मिळाली ती बहुधा मिक्स्तो असणार. कायद्याने टकीलाचे दोन प्रकार आहेत. एकात सगळी साखर अगावेचीच असते. दुसऱ्यात निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के साखर अगावेची असली की पुरते; उरलेली उसाची किंवा मक्याची चालते. हा दुसरा प्रकार टँकरमधून परदेशी पाठवून तिथे बाटलीत भरायलाही परवानगी आहे. जगभरच्या पार्ट्यांत शॉट म्हणून जी फिरते ती बरीचशी हीच. लेबलवर 'मिक्स्तो' असं कोणी छापत नाही. नुसतं 'टकीला' लिहिलेलं असतं, आणि तीच खूण. चांगल्या बाटलीवर स्पॅनिशमध्ये '१०० टक्के अगावे' असं स्पष्ट छापलेलं असतं आणि ती बाटली मेक्सिकोतल्या ठरलेल्या प्रदेशातच भरावी लागते. तुमच्या खरेदीत ही एक अट सोडू नका. बाकी सगळ्यात घासाघीस चालेल, यात नाही.

मात्र 'शंभर टक्के अगावेची घेतली की दुसऱ्या दिवशी डोकं धरत नाही' असं तिथे तुम्हाला बरेच जण सांगतील. त्यावर विसंबू नका. अल्कोहोल सगळीकडे तेच. तुमचं डोकं धरलं ते बहुधा दोन शॉट रिकाम्या पोटी, घाईघाईत, पाण्याशिवाय घशाखाली गेले म्हणून. बाबांबरोबर बसाल तेव्हा प्रत्येक पेगाबरोबर एक ग्लास पाणी हवंच. ते रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

आता 'चांगली' म्हणजे काय? तुमच्या तीन आठवड्यांतला एक रविवार यासाठी राखून ठेवा. दुकानात जाण्याआधी शेतात जा.

तिथे हिमादोर, म्हणजे अगावेची तोडणी करणारा कामगार, काम करताना दिसला तर थांबून बघा. त्याच्या हातात लांब दांड्याचं, पुढे गोल धारदार पातं असलेलं अवजार असतं, कोआ नावाचं. एक पाय गड्ड्याला टेकवून तो एकामागून एक पानं बुडापासून छाटत जातो. पानं लांब, ताठ, टोकाला दाभणासारखा काटा. काही मिनिटांत जमिनीवर उरतो तो पांढरा-हिरवा गड्डा, पिन्या. वजन ३० किलो, कधी ६० किलो. हे झाड लावल्यापासून तोडणीला यायला सहा ते आठ वर्षं जातात आणि एकदा तोडलं की संपलं, त्याला पुन्हा पीक नाही. एक लिटर टकीलाला असा सहा-सात किलो गड्डा लागतो. द्राक्षाची वेल दरवर्षी फळ देते, ऊस वर्ष-दीड वर्षात तोडणीला येतो. इथे शेतकरी सहा-आठ वर्षं थांबून एकदाच पीक घेतो.

कच्चा गड्डा खाण्याजोगा नसतो. त्यात इन्युलिन नावाचं पिष्टासारखं द्रव्य भरलेलं असतं, ते आंबत नाही. विटांच्या भट्टीत वाफेवर दीड-दोन दिवस शिजला की त्या इन्युलिनची साखर होते, गड्डा तपकिरी पडतो आणि तंतूतंतूंतून रस गळायला लागतो. कारखाना दाखवणारा माणूस त्याचा एक तुकडा तुमच्या हातावर ठेवेल. तो नुसता चावून टाकू नका. सावकाश चघळा, रस गिळा, चोथा थुंका. भाजलेल्या रताळ्याचा गोडवा, मागे किंचित कडसर, मातीचा वास, थोडी हिरवी मिरी. ही चव जिभेवर नीट बसवून घ्या. शिजलेल्या अगावेची ही चव पेल्यात सापडते की नाही, एवढंच पुढे प्रत्येक बाटलीला विचारायचं आहे. सापडली तर दारू चांगली. नाही सापडली तर बाटली कितीही देखणी असो, पैसे काचेला गेले.

ती चव का हरवते, याचं कारण पैशात आहे. आपल्याकडे कांद्याचं जे होतं तेच तिथे अगावेचं होतं, फक्त चक्र वर्षाचं नसून सहा-सात वर्षांचं असतं. भाव चढला की सगळेच लावतात. सगळ्यांचं एकदम तयार होतं आणि भाव कोसळतो. कोणी लावत नाही, मग टंचाई. गेल्या काही वर्षांतच किलोला ३० पेसोच्या आसपास पोचलेला भाव पुढे एक आकड्यावर आपटला आणि पुष्कळ छोटे शेतकरी देशोधडीला लागले. टंचाईच्या काळात कारखाने कोवळे गड्डे तोडतात, त्यात साखर कमी, चव त्याहून कमी. मोठे कारखाने डिफ्यूजर नावाचं यंत्र वापरतात. त्यात गड्डा न शिजवताच चिरडून गरम पाण्याच्या झोताने त्यातलं सत्त्व धुऊन काढलं जातं. उत्पादन भरपूर निघतं, पण भट्टीतली चव त्यात यायची कुठून? मग वरून ती घालावी लागते. ग्लिसरीन, साखरेचा पाक, कॅरॅमल, ओकचा अर्क. मुरवलेल्या टकीलात या गोष्टी वजनाच्या १ टक्क्यापर्यंत घातल्या तर लेबलवर सांगायची सक्तीही नाही. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण या अर्कांचा एक टक्का चव पार बदलून टाकतो. व्हॅनिला आइस्क्रीमचा वास येणारी, जिभेवर तेलकट-गोड सरकणारी टकीला चाखलीत की हे लगेच ओळखाल. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो, कारण सात वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या झाडाची चव झाकून त्यावर केकचा वास फासण्यात कोणाचाच मान राहत नाही.

एक सोपी परीक्षा सांगते. दोन थेंब तळहातावर घ्या, दोन्ही हात चोळा, अल्कोहोल उडून जाऊ द्या आणि वास घ्या. शिजलेल्या अगावेचा वास मागे राहिला तर उत्तम. नुसता व्हॅनिला-कॅरॅमल राहिला तर बाटली परत फळीवर ठेवा. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण दुकानात चाखायला देतात तिथे पुष्कळ उपयोगी पडते.

इथेच तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचं उत्तर येतं. गडद रंग म्हणजे भारी, हे व्हिस्कीवाल्यांच्या डोक्यातून आलेलं आहे. टकीला ऊर्ध्वपातनातून निघते ती पाण्यासारखी स्वच्छ, ती ब्लांको. किमान दोन महिने ओकच्या लाकडात राहिली की रेपोसादो, ६०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात किमान वर्ष काढलं की आन्येहो, तीन वर्षं झाली की एक्स्ट्रा आन्येहो. हा शेवटचा वर्ग २००६ साली आला. लाकूड जास्त तसा रंग जास्त, भाव जास्त, आणि अगावे मागे मागे. शिवाय रंग कॅरॅमलनेही येतो. 'ओरो' म्हणून सोनेरी रंगाची जी स्वस्त बाटली मिळते तिचा रंग बहुतेक वेळा तसाच आलेला असतो. आजकाल आन्येहो कोळशातून गाळून पुन्हा पांढरी करतात, तिला क्रिस्तालिनो म्हणतात. जड बाटली, चढा भाव, लग्नाच्या भेटीत शोभेल असा थाट. लाकडात मुरवून घ्यायचं आणि मग लाकडाचा रंग काढून टाकायचा, यात पिणाऱ्याला काय मिळतं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. तुम्ही त्या फळीकडे जाऊच नका.

ब्लांकोला मागे लपायला लाकूडच नसतं. कारखाना कसा आहे ते तिच्या एका घोटात कळतं. म्हणून दोन बाटल्या म्हणाले, त्या अशा: एकाच कारखान्याची एक ब्लांको आणि एक रेपोसादो. बाबा व्हिस्कीवाले आहेत, लाकडाची चव त्यांच्या ओळखीची आहे, रेपोसादो त्यांना पहिल्या घोटात आवडेल. पण आधी ब्लांको चाखली, मग तीच दारू लाकडातून आलेली चाखली, की त्यांना कळेल लाकडाने काय दिलं आणि काय घेतलं. इतकी वर्षं व्हिस्की पिणाऱ्या माणसाला हा खेळ फार आवडतो, कारण व्हिस्कीत न मुरवलेली दारू चाखायला सहसा मिळत नाही.

कारखाना कसा ओळखायचा? बाटलीच्या मागे 'नोम' ही अक्षरं आणि चार आकडे असतात. तो कारखान्याचा क्रमांक. एकाच क्रमांकाखाली कधी कधी डझनावारी ब्रँड निघतात. एखाद्या नटाचं किंवा गायकाचं नाव असलेली बाटली उलटी करून बघा, तो क्रमांक कोणाचा हे फोनवर शोधा. तिथेच आणखी वीस-तीस ब्रँड बनत असतील तर तुम्ही नावाचे पैसे देताय. जॉर्ज क्लूनी आणि त्यांच्या मित्रांनी काढलेला कासामिगोस ब्रँड २०१७ साली दियाजिओ या बड्या मद्यकंपनीने बोनससकट १०० कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतला, तेव्हापासून प्रत्येक प्रसिद्ध माणसाला आपली टकीला हवीशी झाली आहे. यातल्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, पण त्या भावात तुम्हाला ज्यांचं घराणंच हे काम करतं त्यांची बाटली मिळते.

माझ्या पसंतीची नावं सांगते. टकीला गावातली फोर्तालेसा, क्रमांक १४९३. तिथे अजून ताओना नावाच्या दगडी चाकाखाली शिजलेला गड्डा चिरडतात. एल आरेनालची कास्काविन, ११२३. आतोतोनिल्को एल आल्तोची सिएते लेग्वास, ११२०. आरांदासजवळच्या ला आल्तेन्या कारखान्याची तापातीओ, ११३९. आणि हेसुस मारिया भागातल्या एल पांदियो कारखान्याची जी-फोर, १५७९. फोर्तालेसाला अलीकडे एवढी मागणी आहे की ती दिसेलच असं नाही. नाही मिळाली तर हळहळू नका, तापातीओ किंवा कास्काविन कमी पैशांत तितकाच आनंद देतात. यांच्या साध्या ब्लांकोला मेक्सिकोत साधारण ५०० ते ९०० पेसो पडतात, पेसो चार-पाच रुपयांचा धरा. रेपोसादोला थोडे जास्त. दोन बाटल्यांना आठ-नऊ हजार रुपयांच्या वर जाण्याचं कारण नाही, उलट बरेच वाचतील.

घेताना टक्केवारी जरूर बघा. मेक्सिकोत विकायच्या बऱ्याच बाटल्या ३५ किंवा ३८ टक्क्यांच्या असतात. बाबांसाठी ४० च्या खाली उतरू नका. जमलं तर कास्काविनची ४८ टक्क्यांची ब्लांको बघा. बाबा पाणी घालून पितात ना, तिच्यात थोडं पाणी घातलं तरी चव विरत नाही.

खरेदी शहरातल्या मोठ्या दारूच्या दुकानात किंवा सुपरमार्केटमध्ये करा. विमानतळावरच्या दुकानात घोड्याच्या, कवटीच्या, बंदुकीच्या आकाराच्या बाटल्याच जास्त. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या डब्यातून स्वस्तात कोणी देऊ लागलं तर घेऊ नका. झाकणावर 'मार्बेते' ही कराची चिकटपट्टी आणि तिच्यावर क्यूआर कोड असतो, ती शाबूत आहे ना बघा.

रविवारी जायचं कुठे? ग्वादालाहाराहून टकीलाला बस आहेत, सहली आहेत, आणि होसे क्वेर्वो कंपनीची खास रेल्वेही आहे. वाटेत एल आरेनाल आणि आमातितान लागतात, दोन्ही बाजूंना निळ्या अगावेच्या ओळी, मागे टकीलाचा निद्रिस्त ज्वालामुखी. २००६ पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. गावात मोठ्या कंपन्यांच्या सहली छान सजवलेल्या असतात, पण शक्य असेल तर एखादा छोटा कारखाना आधी वेळ ठरवून बघा. भट्टीची ऊब, आंबवणाच्या टाक्यांवरचा फेस, तांब्याच्या भांड्यातून निघणारी पहिली धार हे सगळं तिथे हाताच्या अंतरावर दिसतं. ला कापिया नावाचा जुना बार आहे, तिथलं बातांगा प्या: टकीला, लिंबू, कोला, पेल्याच्या कडेला मीठ, आणि सुरीने ढवळलेलं. उंच ग्लासात असलं काही घेताना लिंबू-मीठ हवंच. चांगली टकीला नुसती पिताना मात्र लिंबू आणि मीठ जीभच बधिर करतात, मग ती चव शोधायची कशाने? बरोबर ऑफिसमधलं कोणी असू द्या आणि परत येताना गाडी दुसऱ्याने चालवलेली असू द्या.

दुसऱ्या दिशेला, पूर्वेकडे, लोस आल्तोसचं पठार आहे. लालभडक माती, सुमारे दोन हजार मीटर उंची. तिथली टकीला थोडी गोड, फळांच्या वासाची. ज्वालामुखीकडची पालेदार, मिरीच्या तिखटपणाची, असं म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरं आहे, पण भट्टी, पाणी आणि आंबवण यांनी त्याहून जास्त फरक पडतो.

आता मेस्काल. तुमचा तिसरा सहकारी चुकीचं सांगत नाही, फक्त 'सोड' म्हणायची गरज नव्हती. टकीला हा खरं तर मेस्कालचाच एक प्रकार. १९७४ साली तिला स्वतःची कायदेशीर भौगोलिक ओळख मिळाली, मेस्कालला १९९४ साली. टकीला एकाच जातीच्या अगावेची. मेस्काल कितीतरी जातींची. गड्डे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर, वर माती झाकून कित्येक दिवस भाजतात. म्हणून तो धुराचा वास. सगळ्यात जास्त मेस्काल वाहाका राज्यात बनते. चांगल्या बाटलीवर गावाचं नाव, बनवणाऱ्या उस्तादाचं नाव, अगावेची जात, कधी त्या घाण्यातून किती लिटर निघाली तेही लिहिलेलं असतं. 'आर्तेसानाल' किंवा 'आन्सेस्त्राल' हे शब्द बघा. दुसऱ्यात तर मातीच्या भांड्यात ऊर्ध्वपातन होतं, स्टीलचं नावही नाही. गावात दारू किती कडक आहे ते बघायला बोरूची नळी भरून वाटीत धार सोडतात आणि वर येणारे मोती, म्हणजे बुडबुडे, बघतात. मोती बारीक, दाट आणि बराच वेळ टिकले की उस्ताद मान डोलावतो. पाणी जास्त झालं किंवा अल्कोहोल फार चढलं तर मोती पटकन फुटतात. कुठल्या बारमध्ये हे करून दाखवत असतील तर आवर्जून बघा.

मेस्काल घेताना एक विनंती. तोबाला, तेपेस्ताते या जंगली जातींच्या बाटल्या खूप मोहात पाडतात. पण तेपेस्ताते पक्व व्हायला वीसेक वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात आणि मागणी वाढली तसे डोंगर रिकामे होत चालले आहेत. एस्पादिन ही लागवडीची जात आहे, तीच घ्या. चांगल्या हातची एस्पादिन कशालाही कमी नाही. अगावेला तुरा येऊ दिला तर त्याच्या फुलांवर रात्री वटवाघळं येतात आणि त्यांच्याकडून परागीभवन होतं. दारूसाठी साखर हवी म्हणून तुरा आधीच छाटतात, मग वटवाघळांचं अन्न जातं आणि शेतात बहुतेक एकाच झाडाची पिल्लं उरतात. काही शेतकरी थोडी झाडं फुलायला सोडतात आणि अशा बाटल्यांवर वटवाघळाची खूण असते. दिसली तर त्यांना चार पैसे जास्त द्या.

आणि ती अळी! टकीलाच्या बाटलीत अळी नसतेच. अळी सापडते ती काही मेस्कालच्या बाटल्यांत. अगावेवर जगणाऱ्या पतंगाची ती अळी, आणि ती बाटलीत टाकायची टूम १९५० च्या सुमारास विक्रीसाठी निघाली. अस्सलपणाशी तिचा संबंध नाही. चांगले मेस्कालवाले ती टाकत नाहीत. वाहाकात त्याच अळ्या भाजून, मीठ-मिरचीबरोबर कुटून केलेलं मीठ मात्र खरंच चविष्ट असतं. संत्र्याच्या फोडीवर भुरभुरून मेस्कालबरोबर देतात. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या.

हालिस्कोतच आहात तर रायसियाही चाखा. डोंगरातली आणि किनाऱ्याकडची दारू, २०१९ मध्ये तिला मान्यता मिळाली. आंबूस, फळांच्या तीव्र वासाची. काजू फेणी आवडणाऱ्यांना ती पटकन आवडते. सोनोराची बाकानोरा आणि उत्तरेची सोतोल कुठे दिसली तर एखादा घोट घ्या. सोतोल अगावेची नसून दुसऱ्याच झुडपाची असते, गवताळ लागते. पण बाबांसाठी पहिल्याच खेपेला एवढं सगळं नको. मेस्कालची एक छोटी २०० मिलीची बाटली पुरे.

नवरा म्हणतो तेही खोटं नाही. दख्खनच्या माळरानावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला जे घायपात वाढतं ते अगावेच. मेक्सिकोहून आलेलं, इथे कधीचं रुळलेलं. त्यापासून दारू बनवायचं काम डेस्मंड नाझरेथ यांनी केलं आणि २०११ मध्ये डेस्मंडजी नावाने ती गोव्यात बाजारात आणली. नंतर पिस्तोला हा ब्रँड आला. यांना टकीला म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोचं. जातही वेगळी, चवही वेगळी. पण शिजलेल्या अगावेची ती ओळखीची चव यांतही शोधायला मजा येते, आणि आपल्या मातीतल्या झाडाची दारू आवर्जून चाखावी असं मला वाटतं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत चौकशी करा. गोव्यातून परवान्याशिवाय महाराष्ट्रात बाटली आणणं मात्र गुन्हा आहे, तो वेडेपणा करू नका. बाबांच्या शनिवारी चौथा पेला म्हणून ही इथली ठेवली तर तुलना आणखी रंगेल.

प्यायची कशी ते थोडक्यात. शॉटचा ग्लास नको; तोंडाशी निमुळता छोटा वाइनचा ग्लास उत्तम. बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका, गार केली की वास मुका होतो. तीस मिली ओता, पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून वास घ्या. पहिला घोट अगदी चमचाभर, तोंडभर फिरवून गिळा आणि नाकाने श्वास सोडा. तो नुसता तिखट लागेल, त्यावर मत बनवू नका. चव दुसऱ्या घोटात उघडते. ब्लांको आधी, रेपोसादो नंतर, मेस्काल सगळ्यात शेवटी, कारण धुरानंतर दुसरं काही कळत नाही. बाबांना पाणी हवं असेल तर आधी चार थेंबच घालू द्या. बर्फच हवा म्हणाले तर तोही द्या, शनिवार त्यांचा आहे. चकणा म्हणून काकडी, पेरूच्या फोडी, खारे शेंगदाणे ठेवा. मसालेदार फरसाण त्या दिवशी डब्यातच राहू द्या, गरम मसाल्यापुढे अगावे टिकत नाही. बरोबर सांग्रिता करता येईल: संत्र्याचा रस, लिंबू, थोडा टोमॅटो, मीठ, लाल तिखट. ती टकीलात मिसळायची नसते, बाजूच्या पेल्यात ठेवून आलटून पालटून घोट घ्यायचे.

आणि तुम्हाला नुसती प्यायला जड गेली तर पालोमा करा. मेक्सिकोत ते ग्रेपफ्रूटच्या सोड्यात करतात. इथे पपनस मिळालं तर त्याचा रस, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, तीस मिली ब्लांको आणि वर साधा सोडा. पपनसाचा कडवटपणा आणि ब्लांको यांचं चांगलं जमतं. रेपोसादो यात ओतू नका, ती बाबांची.

आणण्याचं: भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. ७५० मिलीच्या दोन आणि ती २०० मिलीची, म्हणजे १.७ लिटर, नियमात बसतं. तिन्ही बाटल्या चेक-इनच्या बॅगेतच टाका. वाटेत अमेरिकेत विमान बदलत असाल तर तिथे बॅग ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागते आणि पुन्हा सुरक्षा तपासणी होते. हातातल्या बाटल्या तिथे अडकू शकतात. विमानातल्या सामानात ७० टक्क्यांपर्यंतची दारू चालते, तुमची त्याच्या बरीच खाली आहे. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या बंद पिशवीत, मग जीन्समध्ये गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि वयाची अट २५ आहे. तुमच्याकडे आणि बाबांकडे नसेल तर जाण्याआधीच ऑनलाइन अर्ज करून काढून ठेवा. घरी आल्यावर बाटल्या कपाटात, उन्हापासून लांब, उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर बूच अल्कोहोलने खराब होतं. एकदा उघडली की काही महिन्यांत संपवा, कारण बाटली अर्धी झाली की वास उडायला लागतो, आणि ब्लांकोचा आधी उडतो.